फळीवरची आय

करंजाडे, पनवेल
ता. ९ नोव्हेंबर १९८९

आभा,

नाय, मला एकटीला भीती वाटत नाय. शेजारी मैना हाय, दाराला कडी हाय, आणि चोरानं उचलून न्यावं असं माझ्या घरात काय हाय? तू हे विचारलं नायस, माहीत हाय मला. पण शहरातली माणसं पत्राच्या शेवटी तिथंच येतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू माझ्या काळूची मुलगी. बडोद्याला शाळेत चित्रकला शिकवतेस. जून महिन्यात तुझ्या बापाला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तोंडातून शब्द धड निघत नाय. हे समजलं. मुंबईला त्याच्या चाळीस वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार, पुस्तक निघणार, आणि त्याचं लहानपण तू लिहिणार. हे पण समजलं. पण "आदरणीय आत्याबाई, आपल्या चरणी" हे कशाला? माझ्या चरणांना चिखल असतो. आणि सगळ्या पत्रात तुमी तुमी. मी एकटीच हाय इथं. सरळ आत्या लिही आणि तू लिही.

फोटो मागितलेस. फोटो नाय. काळूचा लहानपणीचा नाय आणि आयचा तर कधीच कुणी काढला नाय. आमच्या आयनं मीठ वाहिलं, भात लावला, आमाला दोघांना वाढवलं आणि गेली. फोटोवाल्यासमोर बसायला तिला कोण नेणार?

आणि ती फळी. आयचं चित्र कोरलेली लाकडी फळी माझ्याकडे हाय का, असं विचारतेस. होती. जाळली. एका पावसाळ्यात सरपण ओलं झालं, तेव्हा चुलीत घातली. सागवान होतं, भात चांगला शिजला.

एकवीस वर्षं काळू या दारात आला नाय आणि मी त्याला बोलावला नाय. का, ते त्याला विचार. त्याला बोलता येत नसेल तर राहू दे. लहानपण लिहायला एवढं माहीत कशाला पाहिजे? जन्मला, मोठा झाला, निघून गेला. झालं लहानपण.

भामा


बडोदा
२४ नोव्हेंबर १९८९

आत्या,

बघ, आत्या लिहिलं आणि तू पण लिहिलं. जीभ जरा अडखळते, कारण मी तुला कधी पाहिलंच नाही. मी जन्मले त्या वर्षी तुमचं बोलणं बंद झालं.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खुर्चीत बसले होते. "माझ्या चरणांना चिखल असतो" याला ते हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनंच येतं, पण आलं. मग पुढे फळीचं वाचलं. "जाळली" ऐकल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं, मी प्रदर्शनासाठी सहज एक वस्तू मागतेय. ती वस्तू नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

जळली ती जळली. मी पुन्हा विचारणार नाही. पण बाकीचं सांगशील का? पुस्तकासाठी एका मोठ्या समीक्षकांनी लेख लिहिलाय. त्यात बाबांच्या जन्माला एक ओळ आहे: "पनवेलजवळच्या एका सामान्य कुटुंबात जन्म." मग एकदम मुंबईची चित्रशाळा, लाकडावर कोरलेली मिठागरांची चित्रं, बडोद्याची नोकरी, आणि सत्तर सालानंतरची ती मोठमोठी पांढरी ऑइल पेंटिंग्ज. त्या पांढऱ्याला त्यांनी "शून्याचा शोध" म्हटलंय. मी बाबांना वाचून दाखवलं तर त्यांनी डाव्या हातानं कागद बाजूला सारला. काय चुकलंय ते त्यांना सांगता येत नाही. तुला सांगता येईल का?

ते चित्र काढायला लागले कसे?

आभा


करंजाडे
ता. ६ डिसेंबर १९८९

आभा,

आधी त्याला जेवायला घाल. आणि त्याला सांग, फळी जाळली नाय. हाय. पाण्याच्या माठाखाली घातलेली हाय, चित्र खालच्या अंगाला. दोन दिवस उपाशी राहायचं वय हाय का त्याचं? लहानपणी पण असाच. रुसला की भिंत बघत बसायचा आणि मग मीच ताट घेऊन मागं.

आता लिहून घे, मी परत परत सांगणार नाय.

आमचा बाप दुसऱ्याच्या आगरात मीठ पिकवायचा. काळू पाच वर्षांचा आणि मी अकराची, तेव्हा बाप गेला. मग आय आणि मी आगरात जायला लागलो. माझी चौथी झाली होती, तेवढी पुरे झाली. काळूला पनवेलच्या शाळेत घातला. सुट्टीला तो आमच्याबरोबर आगरात.

मीठ पिकवायच्या आधी वाफ्याची जमीन पायानं चोपून चोपून ताटासारखी सपाट करावी लागते. नायतर मिठात माती येते. आमी दिवसभर चोपायचो आणि हा पोरगा काठीनं त्याच्यावर बैल काढून ठेवायचा. बैल, होड्या, मुकादमाचं पोट. मुकादम आला की मी त्या बैलावर नाचून नाचून जमीन परत सपाट करायचे. त्याची पहिली पन्नास चित्रं मी पायानं पुसली. हे लिही तुझ्या पुस्तकात.

शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी त्याला मुंबईला धाडला. तिथं गिरगावात एका छापखान्यात लागला. सोड्याच्या बाटल्यांची लेबलं, अगरबत्तीचे पुडे, असलं काम. दगडावर अक्षरं उलटी काढायची, म्हणजे कागदावर सुलटी येतात. मालक बोलला, दुसऱ्यांना शिकायला वर्ष लागतं, तू आठ दिवसांत कसा शिकलास? त्यात काय शिकायचं? आगरात पाणी भरलं की सगळं उलटंच दिसतं. आय डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरनं चालली की पाण्यात दुसरी आय खाली डोकं करून चालायची. आमी जन्मभर तेच बघितलं.

दिवसा लेबलं आणि संध्याकाळी चित्रशाळा. सहा वर्षं. तिथं लाकूड कोरायला शिकला. दर शिमग्याला घरी यायचा तेव्हा बोटांना पट्ट्या.

आणि पांढऱ्याचं. शून्य कसलं? ते मीठ हाय. त्या मोठ्या माणसाला एप्रिलच्या दुपारी आगरात उभा कर. डोळे उघडले तर त्याला कळेल. आता भराव घालतायत, दोन वर्षांनी आगर राहणार नाय. लवकर पाठव.

भामा


बडोदा
२० डिसेंबर १९८९

आत्या,

बाबा जेवले. "हाय" हा शब्द मी तीनदा वाचून दाखवला. त्यांना तिन्ही वेळा ऐकायचा होता.

मुकादमाच्या पोटाचं वाचल्यावर बाबांनी खडू मागितला आणि डाव्या हातानं एक पोट काढलं. वाकडंतिकडं, पण मुकादमाचंच असणार. झटक्यानंतरचं त्यांचं हे पहिलं चित्र. मी तारीख घालून ठेवलंय.

पण माठाखाली म्हणजे फळीला रोज पाणी लागत असेल. लाकूड कुजेल गं. ते तिथून काढ, एवढं ऐक.

आता मला एक विचारायचंय आणि रागावणार असशील तर रागाव. बाबांना डाव्या हातानं एखादा शब्द लिहिता येतो. काल मी विचारलं, आत्याकडे का जात नव्हतात? खूप वेळ घेऊन त्यांनी लिहिलं: "वसुंधरा."

माझी आई. ती तुमच्या जातीतली नव्हती, शहरातली होती, ऑफिसात जायची. आजीनं तिला घरात घेतलं नाही, हे आईनंच मला सांगितलं होतं, हसत. तू पण तेच केलंस, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाबांनी तुला तार केली होती. तू आली नाहीस. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि दाराकडे बघत होते, कारण बाबा दाराकडे बघत होते.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. बाबांना तुला भेटायचंय. ते बोलत नाहीत, पण तुझं पत्र उशीखाली ठेवतात. ज्या बाईवर राग होता ती आता नाही. मग अजून कशासाठी?

आभा


करंजाडे
ता. २ जानेवारी १९९०

आभा,

तुझ्या आईवर मी कशाला रागावू? आय रागावली होती, ते खरं. बोलली, हा आता आपल्यातला राहिला नाय. सहा महिने तेच तेच. पण मी नाय. वसुंधरा एकदाच आली होती इथं, दारातूनच परत गेली, आणि जाताना माझ्या हातात एक निळी साडी ठेवून गेली. ती साडी मी आजपण नेसते. पदर फाटला तेव्हा मैनाकडनं शिवून घेतला. तार आली तेव्हा त्याच साडीत एसटी स्टँडापर्यंत गेले होते. मुंबईची गाडी समोर लागलेली. चढले नाय. चढले असते तर काळूच्या तोंडावर विचारावं लागलं असतं, आणि मला ते विचारायचं नव्हतं.

काय विचारायचं ते आता ऐक. एकवीस वर्षांत कुणाला सांगितलं नाय.

अडुसष्ट साल. उन्हाळ्यात काळू दोन महिने येऊन राहिला. तुझ्या आईवरनं आय त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याला जेवायला वाढत होती. आगराच्या बांधाला लाकडी दारं असतात, भरतीचं पाणी आत घ्यायला आणि कोंडायला. उघाडी बोलतात तिला. त्या उघाडीची एक जुनी फळी बदलली होती, ती त्यानं उचलून आणली. बोलला, आय, समोर बस. ती बसली नाय. तिची कामं चालू, आणि हा अंगणात बसून कोरतोय. कधी ती तांदूळ निवडताना, कधी भाकरी थापताना. वीस दिवसांत आय फळीवर आली. पाटीसकट. डाव्या गालावर चुलीचा भाजलेला डाग होता, तो पण.

मग शाई लावून वर कागद घातला आणि मला बोलला, भामा, तुझा डाव दे. भात वाढायचा लाकडी डाव. त्याच्या पाठीनं कागद घासला. अर्धा तास घासला की एक ठसा. बारा काढले. दोरीवर वाळत घातले, बोंबलांच्या शेजारी. बारा आया एका दोरीवर. आमची आय बाहेर आली, बघितलं, आणि बोलली, एवढ्या सगळ्यांना भात कोण घालणार? दोन महिन्यांत त्याच्याशी बोललेलं ते एकच वाक्य.

ऑगस्टात ती गेली. ताप. तार उशिरा पोचली, काळू तिसऱ्या दिवशी आला. ते मी धरलं नाय.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाली, माणसं गेली. मी भांडी घासून आत आले तर हा फळी समोर घेऊन बसलेला. हातात कोरायची पटाशी. आणि आयवर फुली मारत होता. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरी. खोल. ताकद लावून. परीक्षेत मास्तर चुकलेल्या गणितावर मारतो तशी.

आय जिवंत असताना ती त्याला आपल्यातला नाय बोलली, म्हणून ती गेल्यावर त्यानं तिलाच खोडून टाकली. तेराव्याला. मी बोलले, ऊठ. या दारात परत पाय ठेवू नको. आणि मी मैनाकडे जाऊन बसले. परत आले तर फळी भिंतीला टेकवलेली आणि हा गेलेला. का ते बोलला पण नाय.

मी त्याचे बैल पुसले ते मुकादमाच्या मारापासून त्याला वाचवायला. त्यानं आयला कशासाठी पुसलं? हे विचार त्याला.

भामा


बडोदा
१० जानेवारी १९९०

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत निघाले होते. गेले नाही. हे आजच लिहायला हवं.

ती फुली रागाची नाही. तो आमच्या कामातला रिवाज आहे. मी मुलांना शिकवते तेव्हा हे सांगते.

एका फळीवरून किती ठसे काढायचे ते चित्रकार ठरवतो. बारा तर बारा. प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडा घालतो, एक बटा बारा, दोन बटा बारा. आणि बारा झाले की फळीवर आरपार रेघ मारतो. म्हणजे त्या फळीवरून पुन्हा कुणी चोरून तेरावा ठसा काढू नये. त्यानं स्वतःसुद्धा काढू नये. सगळे चित्रकार हे करतात. ज्यांना आपलं काम प्रिय असतं ते तर नक्की करतात.

मी बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही. फुलीपर्यंत आले आणि थांबले, कारण बाबा रडत होते. मग मी एकेक विचारत गेले आणि ते मान हलवत गेले, मधेच डाव्या हातानं एखादा शब्द लिहीत गेले. आजी गेल्यावर मुंबईच्या एका दुकानदारानं आणखी पन्नास ठसे मागितले होते. बाबांना ते नको होतं. आय बारा वेळाच, पुन्हा नाही. म्हणून तेराव्याला, तिच्यासमोर असावं तसं, त्यांनी फळी बंद केली. त्यांच्या लेखी तो नमस्कार होता.

आणि तू हाकललंस ते वसुंधरेमुळे, असं ते आजपर्यंत समजत होते. तुला वाटलं, त्यांनी आजीला खोडलं. त्यांना वाटलं, तू त्यांच्या बायकोला. दोघांनीही विचारलं नाही. हे भाऊबहीण म्हणून शोभतं तुम्हाला.

फुली मारल्यावर एक ठसा काढायचा असतो, फळी बंद झाल्याचा पुरावा म्हणून. तो बाबांनी त्याच दुपारी, तू मैनाकडे असताना, काढून घेतला होता. आमच्या घरात बाबांच्या टेबलावर माझ्या जन्मापासून तो लावलेला आहे. बारा चांगले ठसे जगभर गेले. स्वतःजवळ त्यांनी फुलीवाली आजी ठेवली.

अजून एक. तू डागाचं लिहिलंस म्हणून उठून बघितलं. ठशात आजीचा डाग उजव्या गालावर आहे. फळीवरचं कागदावर उलटं येतं, हे नवशिक्यालाही माहीत असतं. चेहरा कोरायचा तर आधी उलटा काढून घेतात. गिरगावात सहा वर्षं उलटी अक्षरं काढलेला माणूस हे विसरेल? मी बाबांना विचारलं, मुद्दाम? त्यांनी मान हलवली. कागदावरच्या बाराही आजी उलट्या आहेत. खरी, डाव्या गालावर डाग असलेली आजी फक्त फळीवर आहे. आणि फळी ते तुझ्याकडे ठेवून गेले.

बाबांना घेऊन येऊ का?

आभा


बडोदा
३ मार्च १९९०

आत्या,

दोन महिने झाले. पत्र नाही. मी रोज पोस्टमनला विचारते, आता तो मला लांबून बघूनच मान हलवतो.

बाबांना फेब्रुवारीत पुन्हा एक छोटा झटका आला. आता पाय ओढतो. डॉक्टर म्हणतात, प्रवास करायचा तर एप्रिल संपायच्या आत. प्रदर्शन वीस एप्रिलला उघडतंय. मुंबईला आम्ही येणारच आहोत. मुंबईहून पनवेल किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे, एकदा तू स्टँडापर्यंत आली होतीस.

एक ओळ लिही. नको लिहायचं असेल तर नको असं लिही.

आभा


करंजाडे
ता. ९ मार्च १९९०

आभा,

नको लिहायला मी कशाला पोस्टकार्ड वाया घालवू?

दोन महिने लिहिलं नाय कारण लिहायला बसले की पहिलं वाक्य येत नव्हतं. एकवीस वर्षं मी एका माणसाला चोर समजून बसले आणि तो नमस्कार करून गेला होता. याचं पहिलं वाक्य काय लिहायचं ते चौथीत शिकवत नायत. म्हणून पहिलं वाक्य सोडून दुसऱ्यापासून लिहिते.

त्याला घेऊन ये. आठ एप्रिलला रविवार हाय, त्या दिवशी ये. गाडी दारापर्यंत येते, भरावाच्या गाड्यांनी रस्ता केलाय, तेवढा एक उपयोग. उंबरा उंच हाय, पाय ओढत असेल तर मैना आणि मी उचलू. त्याचं वजन काय असेल? लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन उघाडीच्या फळीवरनं चालायचे, तेव्हा पण तो भिंत बघितल्यासारखाच बघायचा.

खाडीच्या चिखलातली ती मासळी, निवट्या, मिळाल्या तर करीन. मिळतीलच असं नाय, खाडी भरत चाललीय. नाय तर जवळा. तांदळाची भाकरी करीन. तुला निवट्या चालत नसतील तर अंडी आणून ठेवते. सांगून टाक, मग ताटावर तोंड करायचं नाय.

फळीला पाणी लागत नाय. माठाखाली नाय ती. कधीच नव्हती. माळ्यावर हाय, आयच्या लुगड्यात गुंडाळलेली. दर दिवाळीला खाली काढून तेल लावते आणि परत बांधून ठेवते. फुली बघायची नसायची म्हणून डोळे मिटून लावायचे, हातानं. डाव्या गालावरचा डाग कुठं हाय ते बोटाला बरोबर कळतं.

काल उघडे ठेवून लावलं. तू बोलतेस ते खरं हाय. डाग डावीकडेच हाय.

प्रदर्शनाला महिनाभर नेलीस तर ने. लुगड्यासकट ने आणि लुगड्यासकट परत आण. काचेत ठेवणार असशील तर उभी ठेव. आमची आय कधी आडवी पडलेली मी बघितली नाय, शेवटचे चार दिवस सोडून.

भामा


मुंबई
२ मे १९९०

आत्या,

प्रदर्शन संपलं की तेरा तारखेच्या रविवारी मी फळी परत द्यायला येतेय, लुगड्यासकट.

प्रदर्शन छान चाललंय. आजी मधोमध उभी आहे, काचेत, आणि शेजारी भिंतीवर तिचा एक ठसा. डाग इकडे आणि तिकडे. लोक एकदा फळीकडे बघतात, एकदा कागदाकडे, आणि मग आपल्याच गालाला हात लावतात. समीक्षकांनी लेख बदलला. शून्याच्या जागी मीठ घातलंय. "करंजाड्याच्या श्रीमती भामाबाई यांच्या सांगण्यावरून" असं लिहिलंय, रागावू नकोस.

बाबा खुर्चीत बसून असतात आणि कुणी पांढऱ्या चित्रासमोर फार वेळ थांबलं की डोळ्यांवर हात धरून दाखवतात, उन्हात धरतात तसा. बरे आहेत. पनवेलहून आल्यापासून जास्तच बरे.

आता तेच विचारायचंय. आठ तारखेला जेवणं झाल्यावर तू मला आणि ड्रायव्हरला म्हणालीस, जा, वडाळे तळं बघून या, तासाभराच्या आत येऊ नका. आम्ही दीड तासानं आलो. बाबा बाजेवर बसले होते. डाव्या हाताची बाही वर दुमडलेली, बोटं काळी, कपाळावर काळं. जमीन ओली, नुकती पुसलेली. तू चुलीजवळ राखेनं भाताचा डाव घासत होतीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस.

बडोद्याहून निघताना बाबांनी शाईचा डबा घ्यायचा हट्ट धरला होता. मला वाटलं, प्रदर्शनात ठेवायचा असेल. परत आलो तेव्हा त्याचं झाकण सैल होतं. ठशासाठीचे जपानी कागद तीन घेतले होते, दोन आहेत. आणि काचेत ठेवण्याआधी फळी पुसताना फुलीच्या खाचेत ओली शाई लागली बोटाला.

आत्या, पुस्तकात आकडा द्यावा लागतो. "आय, लाकडी ठसा, बारा प्रती, आणि फळी बंद केल्यावर एक." हे छापायला जायचंय. हे बरोबर आहे ना? बाबांना विचारलं तर ते नुसते हसतात. आता दोन्ही बाजूंनी.

आभा


करंजाडे
ता. ५ मे १९९०

आभा,

रविवारी ये. सकाळी ये, दुपारी उन्हात डोकं उठवून घेऊ नको.

आकडा बरोबर हाय. बारा आणि एक. तेच छाप.

कागद एक कमी हाय बोलतेस. असेल. तुझ्या पिशव्या मी तपासत नाय. शाईचं म्हणशील तर डबा काळूच्या हातातून सांडला. डाव्या हातानं माणूस काय काय धरणार? म्हणून जमीन पुसली. आणि डाव मी रोजच राखेनं घासते. एकवीस वर्षं त्याच्या पाठीवरचा डाग निघाला नव्हता, आता अजून थोडा पडला. भात काळा होत नाय, मी खाऊन बघितलंय.

घासायला हात त्याचा नव्हता, माझा होता, असं काय तुला वाटत असेल तर वाटू दे. वाटण्यावर पुस्तक छापत नायत.

भिंतीवर नवीन खिळा हाय तो कॅलेंडरचा. तू विचारलं नायस. पण मैनाचं तोंड राहत नाय, ती रविवारी कायतरी बोलेल, म्हणून आधीच सांगून टाकलं. कॅलेंडरवर फडकं टाकलंय ते धुळीसाठी. फडकं काढायचं नाय.

काळूला सांग, निवट्या परत मिळाल्या. सुकवून ठेवल्यात, तुझ्याबरोबर देते. आणि सांग, कुणाला भात कमी पडत नाय. त्याला कळेल.

त्या दुपारचं आता विचारू नको. पत्रातून नको, समोर बसून नको, लाडानं पण नको. मी सांगणार नाय.

भामा